बिनवायरीचं टोपण

टेबलाखालून धाकट्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते आणि मालकांचे जावईबापू त्या पायांशीच भांडत होते.

"सकाळपासून काय मांडलंय हे? एक मशीन सुरू होईना तुमच्याच्यानं?"

"बघतोय, साहेब," पायांनी उत्तर दिलं.

"नुसतं बघायला मलाही येतं. दुपारी गिऱ्हाईक येऊन बसेल इथे. त्यांना काय, तुमचे पाय दाखवू?"

खिडकीजवळच्या स्टुलावर नक्षीबाई बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि चेहरा असा, की जाणाऱ्यानं चार पावलं लांबून जावं. टेबलाखाली लोळत होता तो तिचा सख्खा भाऊ. पन्नाशीला टेकलेला, मिशी पांढरी व्हायला लागलेली, पण तिच्या लेखी धाकटा तो धाकटाच. तिनंच त्याला या मिलमध्ये चिकटवला होता, आणि ती त्याच्याच घरी राहत होती. लग्न तिनं केलं नव्हतं. त्यावरून कुणी हळहळायला लागलं, तर त्याची ती अशी काही हजेरी घ्यायची की माणूस पुन्हा त्या विषयाच्या वाटेला जायचा नाही. तर त्या भावाला तिच्या डोळ्यांदेखत कुणीतरी धुऊन काढत होतं, आणि त्यावरचा उपाय तिच्या पर्समध्ये होता. तो ती देणार नव्हती.

मिल चादरींची. मागावर जी नक्षी विणायची ती आधी या खोलीतल्या मशीनवर तयार व्हायची. मशीन म्हणजे जुना, पिवळट पडलेला डेस्कटॉप. त्याच्या पाठीतून अंगठ्याएवढी जाड वायर निघायची, ती बाहेरच्या डिस्कच्या डब्यात जायची. डब्यातून दुसरी वायर निघून स्कॅनरमध्ये. अशी एकापुढे एक माळ. आणि स्कॅनरच्या मागे जी शेवटची खाच उरायची, तिच्यात एक काड्यापेटीएवढं टोपण बसवलेलं असायचं. नवखा माणूस ते बघून हमखास विचारायचा, "हे कशाला? याला तर वायरच नाही!"

फार वर्षांपूर्वी तिनंही विचारलं होतं. तेव्हा धाकट्यानं समजावलं होतं, "ताई, रिकाम्या खोलीत ओरडलं की आपलाच आवाज परत येतो ना? या माळेचं टोक उघडं राहिलं की तसंच होतं. मशीन हाक मारतं, ती टोकाला आपटून परत येते. मग हाक कुठली आणि ओ कुठली, तेच मशीनला कळेनासं होतं. हे टोपण टोकाशी बसतं आणि परत येणारा आवाज गिळून टाकतं." तिला ते एकदम पटलं होतं. तेव्हापासून तिनं त्या खोलीत कायदाच करून टाकला. सुरू करताना आधी स्कॅनर, मग डिस्क, शेवटी मशीन. बंद करताना उलट. आणि मशीन चालू असताना कुठल्याही वायरीला हात लावायचा नाही, घर पेटलं तरी नाही. कुणी लावलाच, तर ती पट्टीनं हातावर मारायची. मोठमोठ्या माणसांनी तिची पट्टी खाल्ली होती.

थोरले मालक होते तोवर तिची कुरकुर निराळी होती. ती जीव ओतून एखादी नक्षी करायची आणि थोरले मालक चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "किचकट आहे, बाई. साधं काहीतरी काढा. लोकांना चादरीवर झोपायचंय, वाचत नाही बसायचं." मग ती ठिपके काढून द्यायची, रेघा काढून द्यायची, चार पानं आणि एक फूल. ते सगळं मागांवर गेलं, विकलं गेलं, धुऊन धुऊन विटलं. आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा डाव्या हातानं खात, उजव्या हातानं ती स्वतःचं काम करायची. असं वर्षानुवर्षं. त्या नक्ष्या कुणी मागितल्या नाहीत, म्हणून त्या डिस्कमध्ये पडून राहिल्या. आधी ती चौकडीच्या कागदावर काढायची. मशीन आलं आणि कागद सुटला. "याची दुसरी प्रत करून ठेवू," असं धाकटा मधून मधून म्हणायचा. ती म्हणायची, "करू."

मग थोरले मालक थकले आणि त्यांचे जावई आले. आयत्या बिळावर नागोबा, असं सगळी मिल म्हणायची, अर्थात पाठीमागे. पण हा नागोबा फुत्कार टाकणारा नव्हता. गोड बोलायचा, आणि नक्षीबाईचा राग होता तो त्यावरच. त्यांनी एक दिवस डिस्क उघडून पाहिली, आणि बड्या गिऱ्हाईकाला इथेच पडद्यावर दोन नक्ष्या दाखवल्या. गिऱ्हाईक वेडं झालं. म्हणालं, अशा असतील तेवढ्या द्या.

काल संध्याकाळी जावईबापू स्वतः खोलीत आले होते.

"बाई, तुमचं काम मला खरंच आवडतं," ते म्हणाले. "उद्या सगळ्या नक्ष्या नव्या कॉम्प्युटरवर घेऊ. हे धूड मग भंगारात. आणि तुम्हीही आता आराम करा. खूप केलंत."

"म्हणजे?"

"म्हणजे महिनाअखेरपर्यंत या की. घाई कुठाय?"

"आणि त्या नक्ष्या कुणाच्या म्हणून सांगणार त्यांना?"

जावईबापू हसले. वाईट हसले नाहीत. लहान मुलानं चंद्र मागितला की हसतात तसं. "चादरीवर कुणाचं नाव असतं, बाई? मिलचं."

ते गेले आणि हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं "किचकट" म्हणून कोपऱ्यात टाकलेलं पोर आता देखणं निघालं, तर बाप म्हणवून घ्यायला हे पुढे! तिनं स्कॅनरच्या मागे हात घातला, टोपण उपटलं, पर्समध्ये टाकलं आणि भिंतीवरचं मोठं बटण खटकन बंद करून घरी निघून गेली. घ्या आता सगळ्या!

आणि आज हे असं चाललं होतं. मशीन सुरू व्हायचं, थोडं गुरगुरायचं आणि मध्येच गोठायचं. धाकटा वायर काढून पुन्हा लावायचा, डिस्कच्या पाठीवरचं आकड्यांचं बारीक चाक फिरवायचा, पुन्हा सुरू करायचा. पुन्हा गोठायचं.

"बहिणीच्या शब्दावर तुम्हाला इथे ठेवलंय, हे विसरू नका," जावईबापू म्हणाले. गोडवा संपत आला होता. "सासऱ्यांनी माणसं बघून नाही, नाती बघून कामाला लावली. आता निस्तरतोय मी."

"त्याला बोलायचं कारण नाही," नक्षीबाई कडाडली.

"मग कुणाला बोलू? तुम्हाला?"

तिचे पर्सवरचे हात आणखी आवळले गेले. तिला जावईबापूंचा राग आला, पण त्याहून जास्त त्या पायांचा आला. एवढं ऐकून घेतोय, साहेब साहेब करतोय! एकदा तरी फाडकन बोलावं की नाही माणसानं?

गिऱ्हाईकाचा फोन आला म्हणून जावईबापू बाहेर गेले. दार लागलं तशी ती म्हणाली, "नीघ बाहेर. किती लोळशील त्या धुळीत?"

धाकटा गुडघ्यांवर हात टेकत बाहेर आला. सदरा पाठीवर काळा झाला होता.

"आकडे बघितलेस का?" बोलायचं म्हणून ती बोलली. "डिस्कला आणि स्कॅनरला एकच आकडा पडला असेल. मग भांडतात ते."

"आकडे ठीक आहेत."

"मग वायर तुटली असेल आतून."

"वायर ठीक आहे." धाकट्यानं रुमालानं बोटं पुसली, एकेक करून. "ताई, टोपण नाहीये."

भिंतीपलीकडे माग खडखडत होते. नक्षीबाईनं पर्स काखेत ओढली.

"सकाळी पहिल्यांदा मागे हात घातला तेव्हाच कळलं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? घरून निघाल्यापासून पर्स छातीशी धरून चालली होतीस. एरवी ती माझ्याकडे देऊन हात हलवत चालतेस. मला काय कळत नाही?"

"म्हणजे तो माणूस सकाळपासून तुझा उद्धार करतोय, आणि तू खाली नुसतं नाटक करत पडलायस?"

"मग काय करू? तुझं नाव सांगू?"

"शहाणा! कुणी सांगितलं होतं तुला माझ्यासाठी शिव्या खायला?"

"आणि तुला कुणी सांगितलं होतं टोपण काढायला?" धाकट्याचा आवाज चढला. तो चढलेला तिनं फारसा कधी ऐकला नव्हता. "तुझा राग खरा आहे. मलाही आला. पण एकदा विचारायचं तरी! तू घरी बसणार, आणि माझीही नोकरी गेली तर घर कसं चालायचं, हा विचार शिवला का तुला? राग आला की तुला बाकी कुणी दिसत नाही, ताई. आई दिसली नाही, मी दिसलो नाही. आम्ही सगळे जन्मभर तुझ्या रागाच्या कडेकडेनं चालत आलोय. पाय पडायला नको म्हणून!"

तिनं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, नेहमीच असायचं. पण त्याची मान लाल झाली होती, सदऱ्याची पाठ काळी झाली होती, आणि आपलेच दात आपलेच ओठ, चावणार कुणाला?

"दिलं तर माझं सगळं जाईल," ती म्हणाली. "कळतंय ना तुला? मी केलं हे कुणाला कधीच समजणार नाही. माझ्या सगळ्या दुपारी आहेत त्यात."

"कळतंय."

"तरी लावू म्हणतोस?"

"मी काहीच म्हणत नाही. तू म्हणालीस तर अजून पाच वेळा जाईन टेबलाखाली."

याच्यावर तिला रडू आलं असतं. पण रडण्यापेक्षा रागावणं तिला सोपं पडायचं. "ऊठ त्या वाटेतून," ती खेकसली. पर्स उघडली. टोपण काढलं, पदरानं पुसलं, स्कॅनरच्या मागच्या खाचेत दाबून बसवलं आणि दोन्ही बाजूंच्या तारेच्या कड्या लावल्या. मग आधी स्कॅनर, मग डिस्क, शेवटी मशीन. आयुष्यातली सगळ्यात कडू गोष्टही तिनं ठरल्या क्रमानंच केली.

मशीन गुरगुरलं. जिथे गोठायचं ती जागा आली आणि गेली. जावईबापू दार उघडून आत आले ते नेमके तेव्हाच.

"झालं? शाब्बास! म्हणजे येतं की तुम्हाला," ते धाकट्याच्या खांद्यावर थाप मारत म्हणाले.

पडद्यावर एक चौकोन उमटला. ही डिस्क वाचता येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. कोरी करायची का?

"नाही," नक्षीबाई आधी ओरडली आणि मग धाकट्यानं माऊस हातात घेतला. त्यानं 'नाही'वर टिचकी मारली. डिस्क दुरुस्त करायचा प्रोग्राम लावला. तो बराच वेळ चालला, आणि शेवटी त्यानं जे बाहेर काढलं त्यात एकाही नक्षीचं नाव नव्हतं. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं होती, आणि उघडून बघावं तर आत रिकामं.

धाकटा तिच्याकडे वळला. हळूच म्हणाला, "काल काढलंस तेव्हा मशीन बंद होतं ना?"

काल तिनं मशीनला दिवसभराची नक्षी डिस्कवर ठेवून द्यायला सांगितलं होतं आणि तेवढ्यात जावईबापू आले होते. मोठी नक्षी, जुनी डिस्क. ती सावकाश लिहायची. ते गेल्यावर तिनं मागे हात घातला तेव्हा डिस्कवरचा हिरवा दिवा तिच्या कोपराखाली फडफडत होता. लिहिणं चालू होतं. तो दिवा तिनं पाहिला होता. रागात माणूस आंधळा होतो म्हणतात, ते काही खरं नाही. तिला सगळं लख्ख दिसत होतं. फक्त त्याची पर्वा नव्हती.

तिच्या चेहऱ्यावर धाकट्याला उत्तर मिळालं. तो सरळ झाला. "डिस्क जुनी होती, साहेब. गेली," तो म्हणाला.

"खोटं बोलतोय तो," नक्षीबाई म्हणाली. "डिस्क चांगली होती. काल तुम्ही गेल्यावर मी रागानं हे टोपण उपटलं. मशीन लिहीत असताना. त्यानं गेलं सगळं. आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं."

"सकाळपासून माहीत होतं, साहेब," धाकटा म्हणाला.

"तुला तोंड बंद ठेवता येत नाही का?"

"तुला येतं?"

जावईबापू ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ती त्यांना पुरून उरली असती. पण ते स्टुलावर बसले, तिच्याच, आणि पडद्याकडे बघत राहिले. "सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"मला खरंच आवडायच्या त्या," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच तिला ते खरं वाटलं. मग ते एकदम पुढे वाकले. "बाई, तुमच्या डोक्यात असतील ना? पुन्हा काढून द्या. हवा तेवढा वेळ घ्या. आणि तुम्हाला नाव हवं होतं ना? घालू की. प्रत्येक चादरीवर घालू. लिहून देतो मी."

"आज घालता?" नक्षीबाईचा आवाज एवढा चढला, की भिंतीपलीकडे कुणीतरी माग थांबवला. "काल हे तोंडातून निघालं असतं तर? एक शब्द लागत होता हो, एक शब्द! आता घाला नाव. खुशाल घाला. कशावर घालता?"

जावईबापू उठले. "आज दोघंही घरी जा," ते म्हणाले. "उद्या बघू." गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते पुटपुटत ते बाहेर गेले.

भर दुपारी दोघं दारात उभी राहिलेली बघून भावजय घाबरली. "आज एवढ्यात? काय झालं?"

"मशीन बिघडलं," धाकटा म्हणाला.

"मशीन ठणठणीत आहे. माझं काम गेलं, मीच घालवलं," नक्षीबाई म्हणाली आणि चपला काढून आत गेली. ती आवाज न चढवता असं काही बोलली, यानंच भावजय जास्त घाबरली आणि तिनं मुकाट्यानं पानं घेतली.

नक्षीबाई जेवायला आली नाही. तिनं कपाटावरून चौकडीच्या कागदांचा जुना गठ्ठा काढला, धूळ झटकली, टेबलाशी बसली. कालचीच नक्षी, सगळ्यात ताजी. पेन्सिल चालायला लागली. चौकडीमागून चौकडी भरत वेल कागदाच्या कडेनं वर चढली. पान, देठ, पान, दोन चौकड्या सोडून फुटवा. हात चुकत नव्हता. भावजय दारातून बघत होती. तिला वाटलं, वन्संना सगळं पाठ आहे, उगाच घाबरले.

मग कोपरा आला.

चादरीच्या काठात सगळी परीक्षा कोपऱ्यात असते. सरळ वेल कुणीही काढतं. पण वर चढणारी वेल काटकोनात आडवी वळवायची, ती तुटता कामा नये, जोड दिसता कामा नये, आणि वळल्यावरही तीच वेल वाटली पाहिजे. बाकीचे कापून जोडतात. नक्षीबाईनं जन्मात कोपरा कापला नव्हता. या एका कोपऱ्यावर तिच्या कितीतरी दुपारी गेल्या होत्या, आणि तो जमला तेव्हा ती एकटीच त्या खोलीत मोठ्यानं हसली होती. हसल्याचं आठवत होतं. कोपरा आठवत नव्हता.

तिनं काढलं, खोडलं. पुन्हा काढलं. कागदाला तिथे लव सुटली. तिनं पेन्सिल भिंतीवर फेकून मारली. धाकट्यानं ती उचलून आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

"जेवून घे, ताई."

"गप्प बस." मग थोड्या वेळानं, कागदावरून मान न उचलता, "वळताना एक कळी होती का रे तिथे? मिटलेली?"

धाकटा समोरच्या खुर्चीवर बसला. "मी कधी नीट बघितलंच नाही," तो म्हणाला. "मशीन चालतंय ना, एवढंच बघायचो."

ती त्याच्यावर ओरडू शकली असती. ओठांपर्यंत आलंही होतं. एवढी वर्षं त्याच खोलीत ये-जा केलीस, बहीण काय करते ते एकदा मान वळवून बघावंसं वाटलं नाही? पण तिनंही त्याला कधी हाक मारून दाखवलं नव्हतं.

"मग आता बघ," ती म्हणाली आणि कागद त्याच्याकडे फिरवला.

धाकट्यानं चष्मा लावला. ती तळापासून एकेक पान पेन्सिलीच्या टोकानं दाखवत वर सरकत गेली, तो बोट ठेवत मागोमाग आला, आणि दोघंही त्या लव सुटलेल्या, कोऱ्या कोपऱ्याशी येऊन थांबली.